तळ्याच्या छपरावरचे गाव

आपल्याकडे मासा आणि बर्फ यांची गाठ पडते ती मासळी बाजारात. ट्रकमधून बर्फाच्या लाद्या उतरतात, त्या फोडून चुरा केला जातो आणि तो पापलेट-सुरमईवर पसरला जातो. मासा आधी मरतो, बर्फ नंतर येतो. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या मिनेसोटा राज्यात मात्र हे चित्र नेमके उलटे आहे. तिथे बर्फ वर असतो, जिवंत मासा त्याच्या खाली पोहत असतो आणि मासा धरणारा माणूस त्या बर्फावर चक्क खुर्ची टाकून बसलेला असतो. शेजारी शेगडी पेटलेली, किटलीत कॉफी उकळत असलेली, दाराशी मोटार उभी. खाली ३० फूट पाणी!

हे दृश्य एखाद्या चित्रपटातले नाही. दर हिवाळ्यात मिनेसोटातल्या शेकडो तळ्यांवर अशी गावे वसतात आणि वसंत येण्याआधी उठतात. त्यांतले सर्वांत गाजलेले गाव वसते ते मिल लॅक्स या तळ्यावर. कडाक्याच्या हिवाळ्यात इथे हजारो खोपटी उभी राहतात. नांगर लावलेल्या गाड्यांनी बर्फावरचे हिम बाजूला सारून रस्ते काढले जातात. त्या रस्त्यांना नावे आणि पाट्याही असतात. मार्च सरला की यातले काहीच शिल्लक राहत नाही.

हजार तळ्यांचे तळे

मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ असे लिहिलेले असते. त्यात अतिशयोक्ती नाही, उलट थोडा विनयच आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. त्यांतले मिल लॅक्स हे सर्वांत मोठ्यांपैकी एक. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘हजार तळी’. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत त्याला ‘मोठे तळे’ एवढेच म्हणतात, आणि तेच खरे. क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस किलोमीटर. एका काठावर उभे राहिले तर समोरचा काठ दिसत नाही, फक्त आकाशाला टेकलेली रेघ दिसते.

एवढे मोठे असूनही हे तळे खोल नाही. जास्तीत जास्त खोली ४२ फूट. परातीसारखे पसरट आणि उथळ. म्हणूनच ते बऱ्यापैकी लवकर गोठते, आणि म्हणूनच त्यात मासाही भरपूर असतो. उत्तरेकडच्या भागात तळाशी चिखलाचे विस्तीर्ण उंचवटे आहेत, तर दक्षिणेकडे खडक आणि वाळूचे पट्टे. मासे धरणाऱ्याला हा नकाशा तोंडपाठ असावा लागतो, कारण एकदा वर बर्फ धरला की सारे तळे एकसारखेच पांढरे दिसते.

तळे तळापर्यंत गोठत का नाही, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडेल. त्याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. खाली त्यामानाने ‘उबदार’ पाणी राहते. वरचा बर्फ आणि त्यावरचे हिम गोधडीसारखे काम करतात. खालचे मासे सुस्तावतात, पण जगतात आणि खातातही. बर्फावरच्या मासेमारीचा सारा खेळ याच गोष्टीवर उभा आहे.

चार इंचांचा हिशेब

या खेळातला पहिला प्रश्न मासा कुठे आहे हा नसतो. पाय ठेवावा की नाही, हा असतो.

मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने यासाठी एक सरळ कोष्टक ठरवून दिले आहे. बर्फ चार इंचांहून पातळ असेल तर काठावरच थांबावे. नवा, घट्ट, पारदर्शक बर्फ चार इंच असेल तर माणसाने चालत जावे. बर्फावर धावणारी स्नोमोबाइल न्यायची तर पाच ते सात इंच हवेत. लहान मोटारीला नऊ ते दहा इंच, मध्यम ट्रकला तेरा इंच आणि अवजड ट्रकला सोळा-सतरा इंच.

पण हे आकडे फक्त चांगल्या बर्फाचे. थंडीच्या शांत रात्री धरलेला बर्फ काचेसारखा असतो, त्यातून खालचे काळे पाणी दिसते. तो सर्वांत मजबूत. हिम पडून, भिजून, पुन्हा गोठून झालेला बर्फ दुधासारखा पांढरा असतो. त्याची ताकद निम्मीच समजायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. वसंतात सडत आलेला करडा बर्फ तर कितीही जाड असला तरी विश्वासाचा नाही. पडलेले हिम आणखी एक घोटाळा करते. गोधडीसारखे पसरून ते थंडी खाली पोहोचू देत नाही, त्यामुळे बर्फाची वाढ मंदावते आणि पातळ जागा झाकल्या जातात.

शिवाय तळे म्हणजे फरशी नव्हे. एका ठिकाणी आठ इंच बर्फ असेल तर शंभर पावलांवर तीनच असू शकतो. खाली झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल, बदकांच्या थव्याने पाणी ढवळत ठेवले असेल, तर तिथे बर्फ कच्चा राहतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जाणकार माणूस हातात पहार घेऊन निघतो. दर काही पावलांवर समोर पहारीचा जोरदार घाव घालायचा. पहार पार गेली तर आल्या पावली, आपल्याच पावलांच्या खुणांवरून मागे फिरायचे. थोडे पुढे गेल्यावर गिरमिटाने भोक पाडून, पट्टी घालून जाडी मोजायची. असे दर दीडशे फुटांवर करायचे. ‘काल शेजारी जाऊन आला’ हा पुरावा इथे चालत नाही.

मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. थंडी वाढली-कमी झाली की बर्फाचा एवढा मोठा पापुद्रा आकसतो आणि प्रसरण पावतो. रात्री त्यातून तोफेसारखे आवाज येतात, कधी कण्हल्यासारखे लांब सूर निघतात. नवख्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण हे आवाज बहुधा बर्फ वाढत असल्याचेच लक्षण असते. भीती असते ती भेगांची. दोन पापुद्रे एकमेकांवर रेटले गेले की बर्फाचा बांध उभा राहतो आणि त्याच्या कडेला उघडे पाणी दिसू लागते. अशा भेगांवर इथले रिसॉर्टवाले लोखंडी-लाकडी पूल टाकतात. भेग सरकली की पूलही सरकवतात.

बर्फावर मोटार चालवण्याचे नियमही जगावेगळे. वेग अगदी कमी ठेवायचा, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. वेगात गेले तर ती लाट काठावर आपटून बर्फ फोडू शकते. खिडक्या उघड्या, सीटचा पट्टा सोडलेला. एरवी ज्याला बेजबाबदारपणा म्हणू, तीच इथे खबरदारी, कारण गाडी बुडू लागली तर बाहेर पडायला क्षणच मिळतात. एका जागी गाड्यांचा घोळका करायचा नाही. उभ्या गाडीखाली बर्फ हळूहळू वाकतो, म्हणून दर दोन तासांनी ती हलवायची. गाडीजवळ भोक पाडून ठेवले आणि त्यातून पाणी वर येऊ लागले, तर बर्फ खाली बसत आहे असे समजावे.

गिरमिट, झारा आणि दोन दोऱ्या

जागा पक्की झाली की भोक पाडायचे. पूर्वी हे काम पहारीने होत असे, मग हाताने फिरवायचे गिरमिट आले, नंतर पेट्रोलचे, आणि आता बॅटरीवर चालणारे. दोन फूट बर्फातून आठ इंच रुंदीचे भोक पाडायला त्याला मिनिटही पुरते. भोकात साचलेला चुरा काढायला जे साधन वापरतात, ते पाहून कोणत्याही मराठी गृहिणीला आपला पुऱ्या तळायचा झारा आठवेल.

इथला राजा मासा म्हणजे वॉलआय. १९६५ पासून तो मिनेसोटाचा अधिकृत राज्य-मासा आहे. चवीला नाजूक, काटे कमी, आणि डोळे मात्र काचेच्या गोट्यांसारखे. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसते. भक्ष्याला जेव्हा नीट दिसत नाही तेव्हा हा शिकारीला निघतो. म्हणून सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तास-दीड तास सोन्याचा. दुपारी बर्फावर बरेच जण पत्ते खेळत बसतात, त्याचे कारण हेच.

हिवाळ्यात इथे प्रत्येकाला दोन गळ टाकायची परवानगी असते आणि अनुभवी माणूस दोन्ही वेगवेगळ्या कामाला लावतो. एका दोरीला धातूचे चमचमते आमिष, त्याला मिनो या बोटाएवढ्या माशाचे डोके टोचलेले. ते वरखाली हलवायचे, दोन-तीन झटके आणि मग स्तब्धता. दुरून जाणारा मासा ही हालचाल पाहून जवळ येतो. दुसऱ्या दोरीला जिवंत मिनो, तळापासून फूटभर वर, वर तरंगणारा रंगीत गोळा. बऱ्याचदा मासा पहिल्या गळाकडे आकर्षित होतो आणि खातो मात्र दुसऱ्याचा. रात्री खोपटात मुक्काम असेल तर भिंतीवर एक चक्री बसवतात. तिच्यात खुळखुळा असतो. मासा लागून दोरी सुटू लागली की खुळखुळा वाजतो आणि झोपलेले सारे घर धडपडून उठते.

मिनेसोटाच्याच डेव्ह गेन्झ या मासेमाराने १९८० च्या दशकात या छंदाचे रूप बदलले. तोवर माणसे एका भोकापाशी दिवसभर वाट पाहत बसत. घसरगाडीवर बसवलेला, क्षणात उघडणारा-मिटणारा तंबू त्याने लोकप्रिय केला आणि ‘मासा येत नसेल तर आपण माशाकडे जावे’ हा विचार रुजवला. सोबत ध्वनिलहरींनी तळ दाखवणारे छोटे यंत्र आले. दहा-वीस भोके पाडायची, प्रत्येकात यंत्र सोडून पाहायचे, हालचाल नसेल तर पुढे. आज पाण्याखालचे कॅमेरेही आले आहेत. तंत्र एवढे पुढे गेले की माशाला काही संधी उरली का, असा वाद आता खुद्द मासेमारांमध्येच रंगतो.

मासा कुठे असतो?

हंगामाचे तीन अंक असतात. डिसेंबरात, पहिला बर्फ धरला की मासा काठाजवळच्या उथळ पाण्यात, खडकांच्या उतारावर असतो आणि भुकेलेला असतो. ही सर्वांत चांगली मासेमारी, आणि सर्वांत धोक्याचीही, कारण बर्फ तेव्हाच सर्वांत पातळ असतो. उथळ पाण्यात आवाज फार लवकर पोहोचतो, म्हणून पावले जपून टाकायची, गिरमिट पुन्हा पुन्हा चालवायचे नाही.

जानेवारीत रात्रीचा पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत सहज उतरतो. मासा आत, चिखलाच्या उंचवट्यांच्या कडांवर जातो आणि मंदावतो. तेव्हा आमिष लहान आणि हालचाल संथ हवी. उंचवट्याच्या माथ्यावर एक भोक, उतारावर एक, पायथ्याशी एक, असे करत त्याची पातळी शोधायची. फेब्रुवारीच्या अखेरीस वॉलआयचा हंगाम कायद्याने बंद होतो. मग पिवळ्या पट्ट्यांचा छोटा पर्च आणि टुलिबी यांच्यावर लोक समाधान मानतात. तोवर दिवस मोठा होतो, ऊन लागते, आणि मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांची गर्दी होते.

मासा कोणाचा?

या तळ्याच्या काठी आधी डाकोटा आणि नंतर ओजिब्वे लोकांची वस्ती होती. अंधाऱ्या खोपटात बसून, लाकडात कोरलेला नकली मासा पाण्यात नाचवून, जवळ आलेला खरा मासा भाल्याने टिपण्याची त्यांची पद्धत फार जुनी. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने तो मानला नाही. १९९० मध्ये मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी दावा लावला आणि मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून किती वॉलआय धरणे सुरक्षित आहे हे दरवर्षी ठरते आणि तो वाटा राज्य व ओजिब्वे गट यांच्यात विभागला जातो.

निकालाने काठावर बरीच कटुता आली. पुढे वॉलआय कमी होऊ लागला तेव्हा बोटे एकमेकांकडे वळली. तळ्यात मात्र इतरही बरेच काही घडत होते. २००५ मध्ये झेब्रा शिंपला आणि २००९ मध्ये काटेरी जलपिसू हे परके जीव इथे सापडले. पाणी अधिक नितळ आणि उबदार झाले. लहान वॉलआय मोठे होण्याआधीच नाहीसे होऊ लागले. २०१५ मध्ये तर ऑगस्टमध्येच वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली आणि हॉटेले, दुकाने, रिसॉर्ट यांना त्याचा जबर फटका बसला. आता किती आणि केवढ्या लांबीचे मासे ठेवायचे हे हंगामागणिक बदलते. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेला मासा परत सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही, म्हणून वाट्याचे मासे मिळाल्यावर गळ गुंडाळून ठेवणे हाच शहाणपणा.

बर्फाने दगा दिला तर

अंगावर तरंगणारे जाकीट आणि गळ्यात दोरीने अडकवलेले, लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे, एवढी तयारी प्रत्येकाची हवीच. बंद गाडीत मात्र जाकीट घालू नये, ते बाहेर पडण्याच्या आड येते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यातल्या माणसावर आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा ‘एक-दहा-एक’ हा मंत्र इथे मुलांनाही शिकवतात. पहिले एक मिनिट श्वास आवरण्याचे. पाणी इतके गार असते की माणूस धापा टाकू लागतो, तेव्हा घाबरून हातपाय मारायचे नाहीत. पुढची दहा मिनिटे हातापायांत ताकद असते, त्यात बाहेर यायचे. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, म्हणजे आशा लवकर सोडायची नाही.

बाहेर कसे यायचे? ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड करायचे, कारण तिथल्या बर्फाने आपला भार पेलला होता. खिळे बर्फात रोवायचे, पाय पोहताना मारतो तसे मारायचे, पोटावर सरकत वर यायचे. आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. जाड कपडे काढून टाकण्याचा मोह होतो, पण त्यांत अडकलेली हवा थोडा वेळ तरंगत ठेवते. दुसऱ्याला वाचवणाऱ्याने जवळ धावत जायचे नाही. दोरी, शिडी, काठी, जे असेल ते पुढे करायचे.

दुसरा शत्रू खोपटाच्या आतच असतो. गॅसची शेगडी आणि बंद दारे यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. वर आणि खाली हवेला वाट ठेवणे आणि धोक्याची घंटा देणारे छोटे यंत्र बसवणे हा त्यावरचा इलाज.

उशिरा येणारा हिवाळा

जुन्या लोकांचे वेळापत्रक ठरलेले असे. अमुक आठवड्यात चालत, अमुक आठवड्यात गाडीने. आता ते जुळत नाही. गेल्या ५० वर्षांत मिनेसोटातल्या तळ्यांवरचा बर्फाचा काळ सरासरी १० ते १४ दिवसांनी कमी झाला आहे. २०२३-२४ चा हिवाळा राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. अनेक तळ्यांवर गाडी नेण्याजोगा बर्फ फार उशिरा धरला किंवा धरलाच नाही, आणि बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धा रद्द झाल्या.

धोका नुसता पातळ बर्फाचा नाही, सवयीचा आहे. मिल लॅक्सच्या बरेच उत्तरेला अप्पर रेड लेक हे असेच पसरट तळे आहे. तिथे नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस सुमारे २०० माणसे सुटलेल्या बर्फाच्या तुकड्यावर अडकली. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस पुन्हा तेच घडले आणि १२२ जणांची सुटका करावी लागली. दोन्ही वेळा काठाशी भेग पडली, मधले पाणी रुंदावले आणि पायाखालचे गावच निघाले! यातले बहुतेक लोक नवखे नव्हते. तारीख नेहमीची होती, बर्फ नेहमीचा नव्हता.

काठावरच्या गावांसाठी हा पोटाचा प्रश्न आहे. इथल्या रिसॉर्टवाल्यांची हिवाळ्यातली कमाई खोपट्यांच्या भाड्यावर आणि बर्फावरच्या रस्त्याच्या रोजच्या शुल्कावर चालते. दोन आठवडे कमी झाले की कामगारांचा पगार, नांगरगाडीचा हप्ता आणि आमिष विकणाऱ्याचा गल्ला, सगळेच आक्रसते. तरीही पहारीने बर्फ तपासून ‘आज नाही’ असा फलक लावणारा रिसॉर्टवालाच खरा भरवशाचा, हे इथले नेहमीचे पाहुणे जाणतात. तो फलक पाहून परत फिरणारी गाडी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येते.

जायचे असेल तर

मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबे आता बरीच आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांना मिल लॅक्स फक्त १६० किलोमीटरवर, मोटारीने दोनेक तासांवर आहे. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. स्वतःचे सामान न्यायची गरज नाही. रिसॉर्टवाले दिवसाच्या भाड्याने गरम खोपटे देतात. भोके पाडलेली, शेगडी पेटलेली, हवे असल्यास झोपायला फळ्याही असतात. मासेमारीचा परवाना मात्र आधी काढावा लागतो. अंगात एकावर एक तीन थर, लोकरीचे मोजे, कान झाकणारी टोपी आणि बुटांखाली काटे हवेत. काठावर ओनामियाजवळ ओजिब्वेंच्या इतिहासाचे सुंदर संग्रहालय आहे आणि गॅरिसन गावात वॉलआयचा भलामोठा पुतळा. फोटोसाठी सगळे तिथे थांबतातच.

मार्चमध्ये खोपटी हलवण्याची मुदत येते. ठरलेल्या तारखेनंतर तळ्यावर रात्री खोपटे सोडले तर दंड होतो, आणि कचरा व सांडपाणी बर्फावर टाकण्यालाही २०२३ पासून कायद्याने मनाई आहे, कारण वर टाकलेले सारे शेवटी पाण्यातच जाते. खोपटी एकेक करून काठावर ओढली जातात, पूल उचलले जातात, रस्त्यांच्या पाट्या निघतात. एप्रिलच्या उत्तरार्धात कधीतरी वारा सुटतो आणि उरलेला बर्फ खळखळत काठावर येऊन साचतो. मग तळ्यावर होड्या उतरतात. आणि नोव्हेंबर संपताना काठावरचा माणूस कोनाड्यातली पहार पुन्हा बाहेर काढतो.